देवाच्या शालीतली काळी रेघ

हिमालयाच्या कुशीत, जिथे दिवाळीआधीच अंगणात बर्फ येऊन बसतो, अशा एका गावात सुरमी नावाची विणकरीण राहत होती. हाताने चलाख, आणि जिभेने त्याहून चलाख. दसऱ्याला गावचा देव पालखीत बसून खालच्या खोऱ्यातल्या जत्रेला जायचा. त्याची नवी शाल विणण्याचा मान सुरमीच्या घराकडे होता.

त्या शालीची रीत अशी, की प्रत्येक घराने मूठभर लोकर द्यायची आणि विणकरणीने सगळ्यांची लोकर एकाच शालीत विणायची. ज्या घराने लोकर दिली नाही, त्याने पालखीमागे चालायचं नाही. आणि विणकरणीने कुणाची लोकर टाळली, तर तिचा मान कायमचा जायचा.

सुरमीचं सगळ्या गावाशी पटायचं, फक्त शेजारच्या खिमीशी नाही. खिमीच्या बकरीने सुरमीच्या वाळत घातलेल्या शालीची झालर खाल्ली होती. बकरीला सुरमीने माफही केलं असतं. पण खिमी हसली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला.

त्या वर्षीही खिमी उंबऱ्यावर लोकर ठेवून मुकाट्याने निघून गेली. तिची मेंढी काळी. दरवर्षी त्या लोकरीची शालीच्या काठाला एक काळी रेघ व्हायची. या वेळी सुरमीने ती लोकर उचलली आणि सरळ उशीत कोंबली. रीत लोकर घ्यायची आहे ना, मग घेतली की, अशी तिने स्वतःची समजूत घातली. काठ तिने लालभडक विणला, म्हणजे कुणाच्या लक्षात यायला नको.

दसरा आला. ढोल वाजले, लांबलचक कर्णे घुमले, पालखी निघाली. खिमीच्या दारासमोर येताच पालखी डोलली आणि तिच्या घराकडे झुकली ती हलेचना. पालखी देव झुकवतो की खांदेकऱ्यांचे खांदे, या वादात आपण पडायला नको. पुजारीबाबांनी मात्र शाल निरखून पाहिली आणि काळी रेघ कुठे आहे, असं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा सुरमीकडे वळल्या. एवढ्यात खिमीच पुढे झाली.

"तिला विचारू नका, बाबा. यंदा माझी मेंढी आजारी होती. मी लोकर दिलीच नाही."

पुजारीबाबांनी मान हलवली. पालखी पुढे निघाली. सुरमी सुटली होती. आता फक्त गप्प राहायचं होतं.

पण तिने मागे वळून पाहिलं. पालखीमागे चामड्याचे जोडे चालत नाहीत, म्हणून खिमीने जत्रेसाठी वाखाचे नवे जोडे विणले होते. ते पायांतून काढून ती कोनाड्यात ठेवत होती. सुरमी पालखीसमोर जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. लोकर तिने दिली होती. माझ्या उशीत आहे."

तिने उशी आणली आणि सगळ्यांदेखत फाडली. आता मान गेला, हे तिने धरूनच ठेवलं होतं. पुजारीबाबांनी वेशीकडे नजर टाकली.

"पालखीने अजून वेस ओलांडलेली नाही," ते म्हणाले. "म्हणजे शाल अजून मागावरच आहे असं मी समजतो. आटप लवकर."

पालखी अंगणात टेकली. सुरमीने चातीवर काळा धागा कातला, खिमीने शालीचा काठ ताणून धरला. टाके घालता घालता सुरमीने खालच्या मानेने विचारलं, माझ्यासाठी जत्रा का सोडत होतीस?

"तुझा माग बंद पडला तर सकाळी खटखट कुणाची ऐकू? ती ऐकल्याशिवाय माझी चूल पेटत नाही," खिमी म्हणाली. "आणि त्या दिवशी मी बकरीला हसले होते गं, तुला नाही."

सुरमीला पुढचा टाका दिसेना, इतके डोळे भरून आले. त्या वर्षी दोघी पालखीमागे शेजारी शेजारी चालल्या.

तेव्हापासून त्या गावात देवाच्या शालीचा पहिला धागा विणकरणीचा जिच्याशी अबोला असेल, तिच्या लोकरीचा घालतात. पुढे एका वर्षी सुरमी गावभर हिंडली, पण तिला असं एकही घर सापडेना. खिमी म्हणाली, "हवं तर आपण भांडूया थोडं."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: जिच्यावर रुसलो तिचाही धागा आपल्या विणीत राहू द्यावा, तो वगळला, तर उणी आपलीच शाल राहते.