रिकाम्या मडक्यांची रांग

पूर्वी अंजनपुरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या अमात्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव भद्रजित. तक्षशिलेत विद्या संपवून तो घरी निघाला, तेव्हा वाटेत भेटणारा प्रत्येक व्यापारी त्याला म्हणे, "भाग्यवान आहात. स्वर्णवतीसारखे श्रीमंत राज्य तुमच्या गावाला दर वर्षी फुकट तेल देते." भद्रजिताच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले. दारोदार दिवे, तेल लावलेल्या केसांची पोरे, आणि वेशीबाहेरूनच ऐकू येणारी घाण्यांची कुरकुर. अंजनपूर तिळांचे गाव होते. लहानपणी तो त्या कुरकुरीवरच झोपी जात असे.

प्रत्यक्षात तेलीआळी जवळजवळ मुकी होती. घाण्यांची उखळे कोरडी पडून चिरली होती. एका उखळात कोंबडी अंडी उबवीत बसली होती. पेंड मिळेनाशी झाल्यामुळे गाई आटल्या होत्या. दिवे मात्र होते, परक्या तेलाचे.

झाले होते ते असे. तो तक्षशिलेत असताना एके वर्षी टोळधाड आली आणि तीळ गेले. स्वर्णवतीने तेलाच्या गाड्या पाठवल्या. ते दान खरेच दान होते, त्याने माणसे जगली. पुढच्या वर्षी तीळ चांगले आले, तरी गाड्या आल्याच. फुकटचे तेल दारात असताना विकतचे कोण घेणार? तेल्यांनी आपले तेल स्वर्णवतीत नेऊन विकायचे ठरवले. तिथल्या वेशीवर तिळाला जकात नव्हती, तेलाला मात्र निम्म्या किमतीइतकी जकात होती. मग तेल्यांनी तो नाद सोडला. तीळ पोत्यांनी तिकडे जाऊ लागले, तिथल्या घाण्यांत पिळले जाऊ लागले, आणि दान होऊन वाजतगाजत परत येऊ लागले.

बोधिसत्त्व असला तरी त्या जन्मी तो तरुण होता. तो तडक राजाकडे गेला.

"महाराज, आपलेच तीळ आपल्यालाच दान म्हणून मिळतात, आणि वर आपणच स्वर्णवतीची आरती करतो!"

सुबाहू राजा भला होता आणि थकलेला होता. तो म्हणाला, "भद्रजिता, मला कळत नाही असे वाटते का तुला? गेल्या वर्षी मी जकातीचे बोललो. स्वर्णवतीचा दूत हसून म्हणाला, आधी मडकी बघू. उद्या तो पुन्हा येतो आहे. रांगेत गडबड करू नकोस."

ही रांग स्वर्णवतीच्या पुरोहितांनी घालून दिलेला विधी होता. गाड्या येण्याच्या दिवशी गावाने रिकामी मडकी घेऊन नदीच्या घाटावर उभे राहायचे. जितकी मडकी रिकामी, तितके दान मोठे. आदल्या संध्याकाळपासून दूताची माणसे घरोघर फिरत. कुणाच्या घरी तेल सापडले, तर पुढच्या वर्षी साऱ्या गावाचे दान कमी होई.

त्या संध्याकाळी भद्रजित गोमती तेलिणीकडे गेला. गावात तिचा एकच घाणा अजून चालत होता. ती परसात उभी राहून ताजे तेल चुलीच्या राखेत ओतत होती.

"मावशी! हे काय करतेस?"

"दिसत नाही? मडकं रिकामं करते."

"अगं, पण तू तेलीण! तुझा स्वतःचा घाणा आहे!"

"म्हणूनच आधी माझ्याकडे येतात वास घ्यायला. माझ्यापायी गावाचं तेल तुटलं, तर गाव मला नांदू देईल का?" तिने मडके हलवून पाहिले. "एवढा लांब गेलास. तिथं मडकं भरायला शिकवलं, की नुसतं मोजायला?"

"मोजायला," तो चिडून म्हणाला, आणि त्याचे त्यालाच हसू आले.

गोमती हसली नाही. "पाहून घे घाणा. परवा बैल त्या गाडीवाल्यांना विकतेय. बैल गेला की उखळ वाळणार, वाळलं की चिरणार. चिरलेल्या उखळाला सांधा नसतो, लेकरा."

"उरलेले तेल ओतू नकोस. मला दे."

"पकडला गेलास तर?"

"लपवणारच नाही, तर पकडणार काय?"

"तू अमात्याचा पोरगा, तुला जमेल," ती म्हणाली. "मी रिकामंच मडकं घेऊन उभी राहणार. आधीच सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रजित काठोकाठ भरलेले मडके डोक्यावर घेऊन रांगेत सर्वांत पुढे उभा राहिला. स्वर्णवतीचा दूत विभूतिसेन मडक्यांत डोकवायला आला आणि पहिल्याच मडक्यापाशी थबकला.

"अमात्यपुत्र, आपण चुकलात. ही रिकाम्यांची रांग आहे."

"चुकलो नाही. हे अंजनपूरचे तेल आहे. वास घेऊन पाहा."

"तेल आहे, तर दान कशाला हवे?"

"तेच विचारायला उभा आहे."

मागून कुणी ओरडले, "अरे, ओढा त्याला बाजूला! शिकून आला आणि आमच्याच पोटावर उठला!"

विभूतिसेन दुखावला. "टोळधाडीत कोण आले होते धावून?"

"तुम्ही आलात. ते आमची नातवंडेही सांगतील. पुन्हा टोळ आले तर पुन्हा हात पसरू, त्यात लाज नाही. पण टोळ गेले आणि तुमच्या गाड्या काही गेल्या नाहीत. द्यायचेच असेल तर वेशीवरची तेलाची जकात उठवा. मग तेल आमचे आम्ही काढू."

"जकात?" दूत मनापासून गोंधळला. "ते मी कसे सांगणार? जकातीचे अधिकारी वेगळे. मी दानाचा."

भद्रजिताने मडके डोक्यावरून उतरवले नाही.

मग रांगेत मागे गोमतीने आपले रिकामे मडके घाटाच्या पायरीवर पालथे घातले आणि ती घराकडे चालू लागली. "बैलाला वैरण घालायचीय," ती जाता जाता म्हणाली. "दुपारी जुंपायचाय."

जकात त्या दिवशी उठली नाही. ती उठायला पुढे बराच काळ जावा लागला. पण त्या दुपारी तेलीआळीत एक घाणा कुरकुरला.

ही कथा सांगून भगवान शास्ता जेतवनातल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाचा विभूतिसेन म्हणजे आजचा तो श्रेष्ठी, जो संघाला नवी चीवरे देतो, पण भिक्षूंनी ती घ्यायला फाटकी नेसूनच यावे असा आग्रह धरतो. तेव्हाचा सुबाहू राजा म्हणजे आनंद, गोमती तेलीण म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि भद्रजित मीच होतो. देणाऱ्यापुढे उभे राहूनही जे आहे ते आहे म्हणणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय."