चंपावतीने गोळी गिळली

चंपावतीच्या पोटात औषध गेलंच पाहिजे, पण तिच्या मानेला कुणाचं बोटही लागता कामा नये! पिंपळदरीच्या आनंदराव महाराजांचा हा हुकूम ऐकून सारा दरबार डोकं खाजवत बसला.

चंपावती म्हणजे महाराजांची लाडकी हंसीण. तिचा एक पाय सुजला होता नि अंग तापलं होतं. राजवैद्यांनी आदल्या दिवशी तिची मान धरली, चोच उघडली आणि वाटीभर काढा सरळ आत ओतला. तो गेला भलत्याच नळीत! चंपावतीला असा ठसका लागला, की महाराज अनवाणी धावत आले. तेव्हापासून हा हुकूम. वर हंसांची निगा राखणाऱ्या सटवाजीला तंबी: "उद्या सूर्य मावळेपर्यंत तिने आपखुशीने औषध घेतलं नाही, तर तुझी रवानगी घाटापलीकडच्या चौकीवर. बारा वर्षं!"

वैद्यबुवांनी मग गोळी वळली. रुग्ण राजघराण्यातली, म्हणून गोळीही तोलामोलाची, चांगली सुपारीएवढी! ती केशरी शिऱ्यात घालून चांदीच्या ताटात मांडली. पुढे चोपदार ओरडला, "होऽऽ! चंपावती सरकारांचं औषध येत आहे!" मागून चार मानकरी हात जोडून आले. "घ्यावं सरकार, एवढा एकच घास!" महाराजही गुडघे टेकून म्हणाले, "घे गं माझी राणी." राणीने ताटाकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुपारपर्यंत ताट अकरा वेळा आलं आणि अकरा वेळा परत गेलं.

इकडे सटवाजी घरी जाऊन बोचकं बांधू लागला. त्याची बायको कोंडाबाई मनातून हादरली होती. पण घाबरली की ती रडत नसे, भांडत असे.

"सोडा ती गाठ! बारा वर्सं मी काय भिंतीशी बोलू?" असं म्हणून तिने परसातली कोवळी मेथी खुडली, भाकरी फडक्यात बांधली आणि तडक राजवाड्याच्या तळ्यावर गेली. नवरा बोचक्यासकट मागोमाग.

"वैद्यबुवा, औषध हुद्दा बघून देता, का वजन बघून?" तिने पहिलाच सवाल टाकला.

वैद्यबुवा गोरेमोरे झाले. "वजन... वजन बघूनच द्यायचं असतं."

"चार शेर भरते ती," सटवाजी म्हणाला. वैद्यबुवांनी पुन्हा गोळी वळली. ती झाली ज्वारीच्या दाण्याएवढी!

मग कोंडाबाईचे हुकूम सुटू लागले. बाकीचे हंस खुराड्यात गेले, नाहीतर औषध दुसऱ्याच कुणाच्या पोटात जायचं. चांदीचं ताट आत गेलं. चोपदार घरी गेला.

"आणि म्हाराज, तुमी त्या झाडामागं बसा. काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई!"

महाराजांना असं बोलायची उभ्या राज्यात कुणाची छाती नव्हती. ते इतके चकित झाले, की मुकाट्याने जाऊन बसले.

कोंडाबाई हंसिणीकडे पाठ करून पायरीवर बसली. भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून तिने दोन मऊ, बोराएवढ्या गोळ्या वळल्या. दुसरीत औषध दडवलं आणि दोन्ही मेथीच्या पानांत गुंडाळल्या. चंपावती लंगडत जवळ आली. कोंडाबाईने हात पदराखाली घेतला.

"हड्! माझी भाकर हाय ती! चोच लावशील तर बघ!"

चोच लावू नको? चंपावतीला असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं! तिने मान लांब करून पहिली गोळी पळवली. ती नीट खाली उतरेपर्यंत कोंडाबाई थांबली.

"अगं भवाने, ती दुसरी तरी ऱ्हाऊ दे!"

दुसरीही गेली! कोंडाबाईने हळूच पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि चंपावती घटाघटा पाणी प्याली. सटवाजीच्या हातातलं बोचकं गळून पडलं.

महाराज झाडामागून तरातरा आले. आनंद झाला होता. पण तो लगेच कबूल करतील तर ते महाराज कसले!

"कोंडाबाई, भर दिवसा माझ्या हंसिणीला चोर ठरवतेस?"

"चोर कशी, म्हाराज? राज्यातलं पानन्पान सरकारचं. सरकारची मेथी सरकारच्या हंसिणीनं खाल्ली. चोर मी, माझी म्हणून पदराखाली लपवली!"

महाराज मिशीत हसले. "असू दे. औषध अजून सहा दिवस द्यायचंय. युक्ती कळली, आता उद्यापासून मीच देईन."

"तुमास्नी न्हाई जमायचं."

"राजाला जमणार नाही?"

"न्हाई, म्हाराज. तुमी साऱ्या मुलखाला 'नाही' म्हणता, ह्या एकीला म्हणता येत न्हाई. आन् हे औषध 'नाही' म्हटल्याबिगर उतरत न्हाई!"

महाराजांनी खात्री करून घ्यायला चंपावतीकडे बोट रोखलं, डोळे वटारले आणि म्हणाले, "ना... ना... बरं वाटतंय ना गं, राणी?"

आणि स्वतःच इतके खदखदून हसले, की पागोटं तळ्यात पडलं!

सटवाजीची रवानगी तिथल्या तिथे रद्द झाली. कोंडाबाईला तळ्याकाठचं भाजीचं वावर इनाम मिळालं. सनदेवर महाराजांनी स्वहस्ते लिहिलं, की कोंडाबाईने चंपावतीला रोज एकदा रागवावं. पण सदर वावरातली भाजी चंपावतीने खाल्ल्यास तक्रार ऐकली जाणार नाही!