समशेर जहाजाचा राखणदार

थांबा, थांबा! नारळ खाली ठेवा आधी. पाहुणे आहात, हौसेने आणलात, सगळं खरं. पण शेंडवेळच्या बंदरात होडी लोटताना नारळ शेवटी फुटतो. ते बघा, नव्या होडीच्या तळाच्या फळ्या उचलतायत. एकूण एक उचलणार. मग घरातली सगळ्यांत म्हातारी बाई वाकून आत बघणार. ढोल नाही, ताशा नाही. हसू नका हो! मी विश्राम मेस्त, सुतार. ही होडी माझ्याच हातची, आत काही नाही हे मला ठाऊक आहे. तरी फळ्या मीच उचलून देतो.

आरमाराच्या काळातली गोष्ट, असं सांगतात. फिरंग्यांचं एक तीन डोलकाठ्यांचं जहाज या किनाऱ्यावर फिरायचं. मासेमारीच्या होड्या धरायच्या, जहाजातलं पाणी उपसायला माणसं उचलून न्यायची, हा त्यांचा धंदा. गोमाय नावाच्या बाईचा धाकटा मुलगा पदू असाच उचलला गेला. थोरला केरू आरमारात तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. त्याने आईच्या पायाला हात लावून शब्द दिला, "पदूक घेऊन येतंय, आये."

दोन महिन्यांनी केरूने डाव साधला. वारा पडला, जहाज जागच्या जागी खिळलं, तेव्हा वल्ह्यांच्या होड्यांनी घेरून ते धरलं. फिरंगी काही पडले, उरलेल्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. केरू दिवटी घेऊन थेट तळापर्यंत गेला, "पदू! पदू!" म्हणून ओरडला. पण वर ढोल, शिंगं, तोफा, नुसता धुमाकूळ. ऐकू येतंय कोणाला? तळाला दगडच दगड, जहाज डोलू नये म्हणून भरतात ते. पुढच्या टोकाला तर कमरेएवढी रास. माणूस कुठेच नाही. पदूला समुद्रात टाकला असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

जहाज बंदराकडे निघालं. ढोल थांबले, आणि तळातून ठकठक ऐकू यायला लागली.

आता बघा आपली माणसं! प्रत्येक जागेला राखणदार असतो, ती जागा सांभाळणारा अदृश्य देव, तसा जहाजालाही असणार. धनी बदलला म्हणून तो रागावला. झालं! केरूने स्वतः त्या दगडांवर नारळ फोडला, कोंबडा दिला. ठकठक थांबेना. दुसऱ्या दिवशी दुसरा कोंबडा, जोडीला ढोल. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. "पावलो रे पावलो!" म्हणून खलाशी नाचले म्हणे.

जहाजाला समशेर नाव दिलं, नवी निशाणं चढवली. चार हंगाम समशेर आरमारात लढली. अकरा गलबतं धरली, वेढ्यातल्या किल्ल्याला दाणा पोचवला, एकदा दोन डोलकाठ्या मोडूनही वादळातून परत आली. सगळे म्हणायचे, राखणदाराची कृपा! केरू दर हंगामाला त्याच दगडांवर नारळ फोडायचा.

पाचव्या वर्षी तळ गळू लागला. समशेर इथल्या गोदीत ओढली. सुतारांनी दगड उपसले, तर पुढच्या राशीखाली एक झाकण निघालं. बाहेरून अडसर घातलेलं. लढाई लागताच कैदी उठू नयेत म्हणून फिरंग्यांनी त्यांना आत कोंडून वर दगड लोटले होते. झाकण उचललं. आत तीन माणसांची हाडं. एकाच्या कमरेला गोमायने ओवलेला करगोटा. आणि झाकणाला आतून, ठोकून ठोकून, वाटीएवढा खळगा पडलेला. जाड लाकूड, त्यावर दगड. हाक वर येत नव्हती, ठोका तेवढा येत होता.

अरे देवा! जिवंत भावाच्या डोक्यावर नारळ फोडला हो त्याने!

गोमायला कोणीतरी घेऊन आलं. तिने त्या खळग्यात बोटं फिरवली.

"किती दिस ठोकी होतो?"

"तीन," केरू म्हणाला.

"आणि तू काय केलंस?"

"कोंबडो दिलंय, आये."

म्हातारी रडली नाही, शिव्याशापही दिले नाहीत, असं सांगतात. दुरुस्ती झाली, समशेर पाण्यात लोटायचा हुकूम आला. केरू म्हणाला, मला जाळा, पण या जहाजावर चढवू नका. तेव्हा गोमायनेच त्याला हाताला धरून आणलं. तळाच्या सगळ्या फळ्या उचलायला लावल्या, स्वतः वाकून कोपरान् कोपरा बघितला. केरू नारळ हातात घेऊन उभा.

"जा," ती म्हणाली. "पण कोणी ठोकल्यान, तर आधी उघड. नारळ मागसून."

केरू गेला. त्याच्या हयातीत समशेरीच्या तळात पुन्हा अडसर बसला नाही म्हणतात.

आणि हे नुसतं होड्यांपुरतं नाही बरं! आजही शेंडवेळात कोणी दार ठोकलं, तर आतून "कोण?" म्हणून विचारत नाहीत. वैरी असो, भिकारी असो, आधी उघडतात. काल तुम्ही आमचं दार वाजवलंत, तेव्हा माझी बायको चुलीवरचं दूध उतू जाऊ देऊन धावली, ती त्याचसाठी.