शेंडेफळाची कवडी

फार पूर्वी डोंगरावरच्या एका गावात रोज तिन्हीसांजेला मोजणी व्हायची. बायका उंबऱ्यात बसून आभाळातल्या नऊ ग्रहांच्या नावाने सुपात नऊ कवड्या टाकायच्या आणि त्याच दमात घरातली पोरं मोजायच्या. "वर नऊ, घरात तीन." मध्ये श्वास सोडायचा नाही. मोजून झालं की दाराला कडी. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

नववा ग्रह सगळ्यांत लहान, सगळ्यांत लांब. गाव त्याला लाडाने शेंडेफळ म्हणायचं.

एक दिवस गावच्या म्हाताऱ्या मोजणीदाराने सभा बोलावली. तो म्हणाला, "ग्रह कुणाला म्हणायचं ते आज ठरवू. तो गोल हवा, सूर्याभोवती फिरणारा हवा आणि आपली वाट त्याने झाडून साफ ठेवलेली हवी. शेंडेफळाच्या वाटेवर नुसते दगडधोंडे! शिवाय त्याच्यासारखे अजून चार-पाच तिकडे हिंडतायत. उद्या त्यांनाही कवडी द्यायची का?"

"द्या की!" कुंभारीण म्हणाली. "ग्रह नका म्हणू हवं तर, दुसरं नाव द्या. पण मोजायचं कशाला सोडता?"

"बाई, तू आपली मडकी बघ."

सगळे हसले. शेंडेफळाची कवडी सुपातून निघाली.

त्या संध्याकाळी मोजणीदाराच्या सुनेने कवड्या टाकल्या. "वर आठ, घरात दोन." तिला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. तिची चार वर्षांची राही अंगणात उभी होती.

"आई, मी आले."

सुनेने बाहेर पाहिलं. "मामंजी, कुणी बोललं का हो?"

"वारा असेल, सूनबाई."

तिने कडी लावली. दोन पोरांची दोन ताटं वाढली.

थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर कुंभारीण होती. तिने कवडी काढलीच नव्हती, म्हणून तिला सगळं दिसत होतं. प्रत्येक अंगणात घरातलं सगळ्यांत लहान पोर उभं होतं. रडत नव्हतं. नुसतं बंद दाराकडे बघत होतं.

"पोरी, तुला मुलं किती?"

"दोन. का हो मावशी?"

"मग दोरीवर हे एवढंसं परकर-पोलकं कुणाचं?"

सुनेने पोलकं हातात घेतलं. बाहीला तिच्याच हातचे टाके होते. पण नाव काही आठवेना. "मामंजी, हे कुणाचं हो?"

"असेल कुणाचं तरी. मोजणी झालीय आता."

सासऱ्यापुढे ती कधी मान वर करत नसे. पण आज तिने कोनाड्यातली काढून ठेवलेली कवडी उचलली.

"सूनबाई, गावाने ठरवलंय!"

"ठरवू दे," ती म्हणाली आणि एका दमात मोजलं, "वर नऊ, घरात तीन."

अंगणात राही उभी होती, थंडीने गारठलेली. "मी कधीची इथेच होते, आई. तू माझ्याकडेच बघत होतीस."

मोजणीदार उठला आणि स्वतः दारोदार सांगत फिरला, "कवडी परत टाका, पोरं आत घ्या!"

शेंडेफळ पुन्हा ग्रह झालं नाही, बरं का. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी सुपाशेजारी एक वाटी आली. पण मोजणी सगळ्यांची होऊ लागली.

एका घराने मात्र ऐकलं नाही. "एकदा ठरलं ते ठरलं," म्हणाले. त्या घरात जेवायला बसताना अजूनही एक छोटा पाट उरतो. तो कुणाचा, ते तिथे कुणालाच आठवत नाही.

तात्पर्य: कुणाला काय म्हणायचं यावर खुशाल वाद घाला, पण लहान आहे, लांब आहे म्हणून कुणाला मोजायचं सोडू नका.