खेकड्याकडे गेलेला चिखल

माणसांनी नदीला घाट बांधला नव्हता तेव्हाची गोष्ट. रानातली सगळी भांडणं हत्ती एकटाच सोडवायचा, आणि तीही रांगेने.

वाऱ्यात घरटं हलू नये म्हणून एका सुगरण पक्ष्याने कुंभारमाशीकडून चिखलाचे गोळे घेतले. बदल्यात बाभळीची एक फांदी तिला द्यायची ठरली. पण गोळे चिकटेनात. "हिने रेताड माती दिली," तो म्हणाला. "याने गोळे उन्हात ठेवले," ती म्हणाली. दोघं रांगेत उभी राहिली. महिन्याने नंबर लागला, तोवर गोळ्यांची धूळ झाली होती आणि त्याची मादी दुसऱ्याच्या घरट्यात गेली होती.

हत्ती ओशाळला. "मला चिखल लोळण्यापुरताच कळतो," तो म्हणाला. "देण्याघेण्याची भांडणं यापुढे काठावरच्या खेकड्याकडे न्या. त्याचा जन्म चिखलात गेलाय."

पुढच्या हंगामात दोघांचा पुन्हा खटका उडाला. गोळा ओला असतानाच दोघं खेकड्याकडे गेली. त्याने तो नांगीत दाबून पाहिला. "यात रेती आहे, बाई. आजच बदलून दे. आणि तू हिची फांदी अडवू नकोस." संध्याकाळी घरटं पक्कं झालं.

हे ऐकून रांगेतली टिटवी हत्तीला म्हणाली, "सापाने माझी अंडी खाल्ली, त्याला किती दिवस झाले. व्यापाऱ्यांना मात्र वेगळी पंगत."

हत्तीने रांगेकडे पाहिलं. देण्याघेण्यावाले गेल्यावर तिच्यापुढे कुणीच उरलं नव्हतं.

तो खाली बसला आणि त्याने मान तिच्यापर्यंत झुकवली.

"सांग, बाई," तो म्हणाला. "सावकाश सांग."