मिरीच्या उंचीचं कुंपण

कुंपण कसं असावं, हे कोणाला विचाराल बाळांनो? कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवाल? जरा जपून हं. बाजारातल्या छत्रीवाल्याला विचारलंत, तर त्याच्या लेखी आभाळ बारा महिने भरलेलंच असतं. सोनकीने कोणाला विचारलं, ते ऐका.

ढग जिथे गवतावर टेकून बसतात, अशा एका हिरव्यागार पठारावर सोनकी तिच्या भिवाकाकांकडे राहायची. तिला आईबाप नव्हते. झग्याला ठिगळं, पाय अनवाणी, आणि सकाळची भाकरी कधीकधी संध्याकाळी मिळायची. पण काकांकडे होती तीन बुटकी घोडी, सोनकीच्या कमरेला लागतील एवढीच. मधाच्या रंगाचा गुलकंद, कापसासारखी पांढरी कापशी, आणि काळीभोर, चमचम डोळ्यांची मिरी. मिरी तर बकरीच्या करडाएवढीच.

कुंपण मात्र काटेरी तारेचं. एके सकाळी मिरीची छाती तारेने फाटली. भिवाकाका मान फिरवून म्हणाले, "सोने, मला हे बघवत नाही. पुन्हा कुणाला इजा झाली, तर ही सगळी घोडी मी जत्रेतल्या खेळवाल्याला देऊन टाकणार."

सोनकी रडत रडत जखमेवर लावायला पाला आणायला रानात गेली. तिथे करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. बोटभर उंचीची परी होती ती. तिचा मोरपिशी पंख काट्यात अडकला होता.

"ओढू नकोस गं, फाटेल," परी कळवळली.

"नाही ओढत. तू फक्त हलू नकोस," सोनकी म्हणाली, आणि एकेक काटा अलगद बाजूला करत बसली. स्वतःची बोटं रक्ताळली, पण पंखाला साधी चूणही पडू दिली नाही.

परी हसली, तशी पानापानावर सोनेरी भुकटी सांडली. "तीन इच्छा माग. पण माझी अट आहे. संध्याकाळी इथे येऊन सांगायचं, कोणाचं भलं झालं आणि कोणाचं वाईट. एक शब्द लपवलास, की उरलेल्या इच्छा विझल्या."

सोनकीने मागितलं सोन्याच्या आडव्या दांड्यांचं कुंपण, राजाच्या घोड्यांना असतं तसं उंच. झळझळ झळझळ. अख्खं गाव बघायला लोटलं. भिवाकाकांनी तर मिशीला तूप लावलं. पण दुपारी मिरी धुळीत लोळायला लागली. लोळता लोळता खालच्या दांडीखालून निसटली, ती थेट कड्याच्या तोंडाशी. खालची दांडी मोठ्या घोड्याच्या गुडघ्याएवढी उंच, तिला काय अडवणार ती? सोनकीने धावत जाऊन तिला कवटाळलं. कोणीच पाहिलं नव्हतं. तरी संध्याकाळी ती म्हणाली, "भलं झालं बघ्यांचं. मिरी मात्र मरता मरता वाचली."

दुसऱ्या दिवशी तिने मागितली सोन्याच्या दांड्यांपासून जमिनीपर्यंत पोचणारी चांदीची जाळी, चंद्रकोरीच्या नक्षीची. किती नाजूक, किती सुंदर. आणि त्याच नक्षीत कापशीचा चिमणा खूर अडकला. काका धावत येईपर्यंत सोनकी तो पाय मांडीवर धरून बसली. पाय सुटला, पण सुजला.

"झालं ना समाधान?" काका हताश होऊन म्हणाले. "उद्या खेळवाला येतोय."

संध्याकाळी सोनकीने कापशीच्या पायाचंही खरंखरं सांगितलं. परी म्हणाली, "एकच इच्छा उरलीय. ती स्वतःसाठी ठेव ना. लाल चपला? गरम भाकरी? जन्मभर पुरेल."

सोनकीने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांब, आधी मिरीला विचारून येते."

घरी येऊन ती मिरीशेजारी गवतात पालथी पडली. गाल जमिनीला, डोळा मिरीच्या डोळ्याशी. तिथून सोन्याची दांडी आभाळात दिसत होती, आणि चांदीच्या जाळीची भोकं दारांएवढी. सोनकीने मिरीचा खूर मुठीत धरून पाहिलं आणि रानात पळत गेली.

"लाकडाचे गुळगुळीत खांब दे. जाळी जमिनीला टेकलेली हवी, आणि इतकी घट्ट, की मिरीचा खूरसुद्धा आत जाणार नाही. कुठे टोक नको. वर घोड्यांना लांबूनही दिसेल अशी एक फळी."

"आणि दिसायला कसं हवं?"

"कसंही चालेल गं."

सकाळी सोनं-चांदी गेलेली बघून लोक नाक मुरडून म्हणाले, "हे परीचं कुंपण? कोंबड्यांचं खुराडं वाटतंय." खेळवालाही दोर घेऊन आला. तेवढ्यात गावातली कुत्री भुंकत धावून आली, जाळीला नाकं घासली आणि शेपट्या पाडून परत गेली. मिरी लोळली, जाळीला अलगद टेकली, उठली, अंग झटकून चरायला लागली. कुणाला ओरखडासुद्धा नाही.

भिवाकाकांनी खाली बसून जाळीवरून हात फिरवला. मग खेळवाल्याला म्हणाले, "पाहुणे, चहा घ्या आणि वाटेला लागा. घोडी कुठं जात नाहीत. आणि मिरी तर आजपासून आमच्या सोनीची."

फळीवर परी बसली होती. "खरं बोलणाऱ्या मुलीला मी एक जास्तीचं देते," ती कुजबुजली. तिने पंख पसरले, निळा, गुलाबी, केशरी उजेड जाळीच्या घराघरातून वाहिला, आणि त्या उजेडात ती विरघळून गेली. मागे कुंपणभर जाईच्या इवल्या कळ्या उमलल्या होत्या, आणि चुलीपाशी रोज न मागता गरम भाकरी फुगू लागली.

तेव्हा बाळांनो, तुमच्या हातून कुणाचं भलं होईल, कधी वाईटही होईल. दोन्ही मांडा. हिशेब खरा ठेवा, एवढं माझं ऐका.