तोंडपाठ

"सगळं आहे... पण यात पाठ कुठं आहे?"

धिंदळे गुरुजींनी नकाशा मांडीवर उलटासुलटा फिरवून पाहिला आणि चष्म्यावरून समीक्षाकडे बघितलं.

समीक्षाला हसू आलं. एवढा मोठा कागद, त्यावर एवढी ठळक अक्षरं, आणि गुरुजींना पाठ दिसेना!

"हा मधला ओटा बघा, गुरुजी. इथं सर उभे राहतील. कवितेचा पाठ इथं, विज्ञानाचे प्रयोग इथं, नकाशावाचनही इथंच."

"तो नव्हे."

"मग?"

"ती."

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी हिरड्याच्या झाडाकडे पाहिलं. चित्रकलेचा शिक्षक असलो तरी मीही याच गुरुजींच्या हाताखालून गेलोय. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तेव्हा झाडाकडे बघावं, हे मी दुसरीतच शिकलो होतो.

आमच्या शाळेत मोकळ्यावरचा वर्ग बांधायचा होता. तो कसा असावा हे मुलांनीच ठरवायचं होतं. नववीच्या मुलांनी चार नकाशे काढले, त्यातला समीक्षा भांगरेचा निवडून आला. सोमवारी गवंडी येणार होता.

पण मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, गुरुजींनी हो म्हटल्याशिवाय मैदानात कुदळ पडणार नाही. हे मैदान गुरुजींनी गावाला हाताशी धरून सपाट केलेलं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी रोज दुपारी हिरड्याखालच्या दगडावर येऊन बसतात. कुणाला काही शिकवत नाहीत, नुसते बसतात.

समीक्षाला त्यांचं हो हवं होतं. खरं सांगायचं तर हो तिनं धरूनच ठेवलं होतं. तिला पाठीवर थाप हवी होती.

"ती पाठ..." समीक्षा विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "कळलं! पायऱ्यांना टेकायला काही नाही, म्हणून म्हणताय ना? करू की. मागं फूटभर उंच दगड लावू."

"टेकशील गं. पण पाठ कुणाकडं?"



गुरुजींनी नकाशावर बोट फिरवलं. तीन पायऱ्यांचं अर्धवर्तुळ, तोंड पश्चिमेला, थेट डोंगराकडे. मुलांनी मान वर केली की डोंगर दिसावा, ही तिची कल्पना. अर्धवर्तुळामागे बांबूची उंच तट्टी. तट्टीमागे एक चौकोन, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'इतर'.

बोट त्या चौकोनावर थांबलं.

"इतर म्हणजे?"

"म्हणजे... शाळेतलं बाकीचं. धूर येतो तिकडनं. भांडी घासतात. पाहुणे आले की बरं दिसत नाही."

"हं."

त्या चौकोनात शाळेचं स्वयंपाकघर आहे. पत्र्याची एक शेड, दोन चुली, बाहेर भांडी घासायचा दगड. तिथं चांगुणाबाई आठवीपर्यंतच्या पोरांची खिचडी शिजवते. चांगुणाबाई ही समीक्षाची आई.

हे मला माहीत होतं. आठवीत बाहेरगावच्या मुली आल्या तेव्हा कुणीतरी समीक्षाला 'खिचडीवाल्या बाईची' म्हणालं, हेही माहीत होतं. तेव्हापासून ही पोर मागच्या फाटकानं येते. शाळेच्या आवारात आईला हाक मारत नाही, आईनं मारली तर ओ देत नाही. सगळं माहीत असून त्या नकाशावर मी लाल शाईनं शेरा मारला होता, 'उत्तम'. माझी सही मोठी झोकदार आहे. त्या दिवशी ती मला बघवत नव्हती.

गुरुजी काठी टेकून उठले.

"चल. बसून बघू."

मैदानात सकाळीच आम्ही दोरी धरून फक्कीनं अर्धवर्तुळ आखलं होतं. समीक्षा त्या पांढऱ्या रेघेवर ऐटीत मांडी घालून बसली, डोंगराकडे तोंड करून. गुरुजी तिच्यासमोर बसले, डोंगराकडे पाठ करून.

तीन वाजून गेले होते. ऊन तिच्या डोळ्यांत येत होतं. तिनं कपाळावर हात धरला.

"काय दिसतं?" गुरुजींनी विचारलं.

"डोंगर." तिनं डोळे बारीक केले. "म्हणजे... दिसेल. ऊन उतरल्यावर."

"बरं."

मग ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले...

"गुरुजी, काय बघताय?"

"आली."

"कोण?"

"मागं वळू नकोस. तिथं तू तट्टी घालणार आहेस ना?"

समीक्षा ताठ बसली. तिची मान जराशी वळली होती, ती तिनं जागेवर आणली.

"मोठा टोप घासतेय. हात कोपरापर्यंत राखेनं भरलेत." गुरुजी हळू आवाजात सांगत होते, समालोचन केल्यासारखे. "थांबली. इकडं बघतेय... गेली आत."

मैदानात वाऱ्यानं फक्की थोडी उडाली.

"परत आली. आता काही कामसुद्धा नाही हातात."

"गुरुजी..."

"उभीच आहे..."

"गुरुजी, ती चारचौघांत हाक मारते मला." समीक्षा एकदम बोलली. आवाज चिरका झाला होता. "मोठ्यानं मारते. समे, समे करते. मुली हसतात."

गुरुजींनी मान डोलावली. तिला रागावले नाहीत आणि समजूतही घातली नाही. उठले आणि काठी टेकत तिला वळसा घालून मागे शेडकडे गेले.

त्यांच्यासाठी चांगुणाबाई टोपाच्या तळाची खरवड रोज काढून ठेवते. गुरुजींना खिचडीपेक्षा खरवड प्यारी. चौथीपर्यंत ती त्यांच्याच वर्गात होती. पुढं शाळा सुटली, ती पुन्हा शाळेत आली ती थेट चुलीपाशी. तिनं लाह्यांच्या डब्याच्या झाकणात खरवड दिली, गुरुजींनी दोन्ही हातांनी घेतली.

आणि मग ते उलटे चालू लागले.

तोंड शेडकडे, पाय मैदानाकडे. एका हातात झाकण, एका हातात काठी. ऐंशीच्या घरातला माणूस, मागे खडे, मागे खड्डे. मी धावलो. चांगुणाबाई तिकडून ओरडली, "आवं गुरुजी, पडाल ना! सरळ चाला!"

ते थांबले नाहीत. समीक्षाच्या रेघेला त्यांची टाच लागली तेव्हा ती ओळखीची चाल तिलाही दिसली. आमच्या गावात भैरोबाच्या गाभाऱ्यातून निघताना लहानथोर सगळे असेच निघतात. देवाला पाठ दाखवायची नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"गुरुजी, असं का आलात?" तिनं विचारलं. विचारताना आवाज बारीक झाला होता.

"खायला घेऊन आलो." त्यांनी झाकण तिच्यापुढे धरलं. "घे. कुरकुरीत आहे."

तिनं घेतली नाही.

गुरुजींनी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"गेल्या आठवड्यात तुझ्या गणवेशाची शिवण उसवली होती. पाठीवर, इथं."

"हो... आईनं शिवली."

"तू सांगितलं होतंस?"

"नाही. मला माहीतच नव्हतं. सकाळी उठले तर शिवलेली होती."

"वर्गात कुणी बोललं होतं?"

"नाही."

"घरी गेल्यावर आईपुढं थांबतेस?"

"नाही... लगेच पाण्याला जाते."

"मग तिला कसं कळलं?"



नववीच्या वर्गाची मागची खिडकी शेडच्या समोर येते. समीक्षा पुढच्या बाकावर बसते, हुशार मुलं बसतात तिथं. त्या खिडकीतून तिचा चेहरा दिसणं शक्य नाही. दोन वेण्या दिसतात आणि गणवेशाची पाठ दिसते. हे तिनं मनात कसं मांडलं ते मला दिसत होतं. भूमितीत तिचा हात कुणी धरत नाही.

"वर्षभर बघतेय ती," गुरुजी म्हणाले. "चूल पेटवताना बघते, भात टाकताना बघते. तुझी पाठ तिला तोंडपाठ झालीय, पोरी."



मग समीक्षा वळली. रेघेवर बसल्या बसल्याच पूर्ण वळली.

चांगुणाबाई शेडच्या दाराशी उभी होती. मुलगी आपल्याकडे बघतेय हे तिला पटलंच नाही. तिनं मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. मागे कुणी नव्हतं, पत्रा होता. मग ती पुन्हा इकडे वळली आणि राखेचे हात पदराखाली लपवू लागली.

 लेकीनं आपल्याकडे बघावं ही अपेक्षाही त्या बाईनं सोडून दिली होती.

"आई!"

समीक्षानं हाक मारली. चांगली मोठ्यानं मारली. पाचवीच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

"आई, इकडं ये ना. आमची जागा बघ."

"हात खराब हायेत गं..."

"असू दे."

ती आली. फक्कीच्या रेघेबाहेर थांबली, पुसली जाईल म्हणून. समीक्षानं उठून तिला मनगटाला धरून आत ओढलं आणि कागद तिच्यापुढे धरला. चांगुणाबाईनं नकाशा पाहिला, चौथीपर्यंतची अक्षरं एकेक करत वाचली. ओटा... पायरी... झाड... बोट तट्टीपाशी आलं. त्यापुढचा चौकोन वाचायच्या आत समीक्षानं त्यावर अंगठा ठेवला.

"हे चुकलंय, आई. हे मी आज बदलणार आहे."

"तू काढलंस हे? समदं?"

"हो."

 चांगुणाबाईनं लेकीच्या पाठीवर थाप मारली. जोरात मारली, भांडी घासणारा हात तो. मारली आणि तिची तिलाच चूक दिसली. निळ्या गणवेशावर राखेचा पाचही बोटांचा पंजा उमटला होता.

"अगं बाई! थांब, झटकते."

"नको."

"समदे बघतील की."

"बघू दे."

गुरुजी खरवड खात होते. त्यांचे डोळे ओले होते की उन्हानं चमकत होते, मला सांगता येत नाही. माझे ओले होते. ज्या माणसानं मला अक्षर दिलं त्यानं म्हातारपणी पुन्हा एकदा शिकवलं, आणि तेही मला न रागावता. त्यांचं हे देणं मी विसरणार नाही.

मी नकाशा घेतला आणि माझा लाल शेरा खोडला. समीक्षानं माझ्या खिशातलं पेन काढून 'इतर' खोडलं. त्या जागी ठसठशीत अक्षरात 'स्वयंपाकघर' लिहिलं. तट्टीवर काट मारली. मग ती रेघेकडे गेली आणि पायानं फक्की विसकटू लागली. अख्खं अर्धवर्तुळ पुसलं. मी दोरी धरली, तिनं खुंटी उचलून हिरड्याकडे नेली आणि नवीन रेघ ओढली. आता पायऱ्यांचं तोंड पूर्वेला होतं, शेडकडे. ऊन आता डोळ्यांवर येत नव्हतं, पाठीवर येत होतं.

ती नव्या रेघेवर बसली. समोर चांगुणाबाई पुन्हा टोपाला भिडली होती, पण आता घासता घासता हसत होती. समीक्षा बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. पाठीवर राखेची पाच बोटं तशीच होती.

मग तिला नकाशा आठवला. हाडाची कारागीर आहे पोर, चूक राहिलेली खपत नाही तिला. तिनं मान वळवून पश्चिमेला पाहिलं.

"पण गुरुजी... आता डोंगराकडं पाठ झाली."

गुरुजींनी झाकणातला शेवटचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. या वेळी तिनं घेतला.

"होऊ दे," ते म्हणाले. "डोंगर पाठीशीच बरा."